सांगणीचे मणी

पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही. ते मिटून ठेवायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं, हा नियम सुनयनानंच शाळेला घालून दिला होता.

त्यामागे कारण होतं. दिल्लीत करोल बागेच्या मागच्या अंगाला मराठी मंडळाची ही छोटी प्राथमिक शाळा. मुलं दोन ठिकाणची, काही छावणीतल्या जवानांची आणि बाकीची सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्यांची. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. लिपी एकच असल्यामुळे ही मुलं मराठी पुस्तक घडाघडा वाचतात. हेरंब शाळेत गेला त्या वर्षी सुनयना पालक म्हणून वाचनस्पर्धा बघायला गेली होती. स्वरूपा नावाच्या मुलीनं ओसरीवर बसलेल्या आजोबांचा उतारा एकदाही न अडखळता वाचला. टाळ्या पडल्या. सुनयनानं सहज विचारलं, ओसरी म्हणजे काय गं? स्वरूपानं जराही न बिचकता सांगितलं की जिथे रात्री ओस पडते ती जागा. ओस म्हणजे हिंदीतलं दव. बाकीच्या मुलांना तेवढंही सुचलं नाही.

सुनयना मोजमापाच्या सरकारी प्रयोगशाळेत तापमापकं तपासायची. एखादं उपकरण जे मोजतंय असं आपण धरून चालतो ते मोजतच नसतं, हे तिच्या कामात रोजचंच होतं. तिनं हेरंबच्या वर्गाला पहिलीपासून शिकवणाऱ्या माधवीताईंना सांगितलं, तुम्ही वाचन मोजत नाही आहात, लिपी मोजताय. पुस्तक मिटा आणि मुलांना बोलू द्या. ज्याला कळलंय तोच सांगू शकेल.

माधवीताईंना ते एकदम पटलं. दर शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या जाऊ लागल्या. मंडळातले निवृत्त लोक, छावणीतल्या बायका, ज्याला वेळ असेल तो येऊन बसे. मुलानं आठवडाभरात वाचलेली गोष्ट ऐकणाऱ्याला सांगायची. त्याचं समाधान झालं की मुलाच्या दोऱ्यात एक काचेचा मणी. माळा वर्गाच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या असायच्या. या सगळ्याला सांगणी हे नाव कुणी दिलं ते आठवत नाही, पण ते रुळलं. मुलं बोलायला लागली. अडली की मध्येच हिंदी घुसडायची, पण गोष्ट सोडायची नाहीत. सांगणी बघायला बाहेरची मंडळी येऊ लागली, आणि मागची दोन्ही वर्षं वार्षिक सोहळ्यात लेझीम आणि चित्रांच्या प्रदर्शनापेक्षा माळांचं कौतुक जास्त झालं.

सगळ्यात लांब माळ हेरंबची होती. तिसरीतला हेरंब, सुनयनाचा मुलगा. तो गोष्ट सांगायला लागला की शेजारच्या सतरंजीवरची मुलं आपली गोष्ट सोडून त्याच्याकडे सरकायची.

सोहळा शनिवारी सकाळी होता. शुक्रवारी संध्याकाळी सुनयना जेवणाच्या टेबलावर बक्षिसांची पुस्तकं घेऊन बसली होती. ते काम तिनं आपणहून घेतलं होतं. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, वर तिच्या ठळक अक्षरात नाव, आणि मग रंगीत कागद. हेरंब मदतीला होता. तो चिकटपट्टीचे तुकडे कापून टेबलाच्या कडेला ओळीनं चिकटवत होता.

"ते 'विहीर' दे रे," ती म्हणाली. "स्वरूपाचं आहे ते."

हेरंबनं एक पुस्तक उचलून पुढे केलं. ते विहीर नव्हतं. हे नाही म्हटल्यावर त्यानं दुसरं उचललं, आणि मग तिसरं. सुनयनाला वाटलं, खेळ चाललाय. ती हसलीसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की तो पुस्तकांकडे बघतच नव्हता. एकेक पुस्तक उचलून तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि चेहरा बदलतोय का याची वाट पाहत होता.

"दिसत नाही मला. अंधार आहे," तो म्हणाला.

तिनं उठून ट्यूब लावली. परत येऊन समोरचं एक पुस्तक उघडलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. वाच बरं जरा, असं नेहमीच्या आवाजात म्हणाली. पानावर गच्चीवर पतंग उडवणाऱ्या मुलाची गोष्ट होती. हेरंबनं पानाकडे बघून गळा साफ केला आणि सुरुवात केली, एका गावात एक विहीर होती. तिच्यात जे ओरडाल ते ती परत द्यायची. शब्द छान होते, थांबण्याच्या जागा बरोबर होत्या. ओळ संपते तिथे डोळे खाली उतरत होते. इतकं हुबेहूब होतं सगळं की क्षणभर सुनयनाला आपलंच काही चुकतंय असं वाटलं.

"'एका' कुठे लिहिलंय? बोट ठेव."

त्यानं पानाच्या मधोमध बोट ठेवलं. मग ते हळूहळू उचललं आणि मुठीत घेतलं.

"हेरंब, तुला वाचता येत नाही?"

"एकेक येतं," तो म्हणाला. "र येतो. म येतो. सगळी मिळून येत नाहीत."

"मग गोष्टी?"

"बाबा सांगतात. मेट्रोत, शाळेत जाताना. मग मी सांगणीत सांगतो."

"बाईंना माहीत आहे?"

हेरंबला हा प्रश्न सोपा वाटला. "हो. आईला सांगायचं नाही हे सगळ्यांना माहितेय. स्वरूपालापण. पेपरात ती मला हळूच सांगते ना."

सुनयनानं चिकटपट्टीचा एक तुकडा उचलला, पुस्तकावर लावला आणि तो वाकडा लागला म्हणून काढून पुन्हा लावला. हेरंबचं अक्षर सुरेख होतं. फळ्यावरचं तो चित्र काढावं तसं उतरवून आणायचा आणि तिला त्या वह्यांचा अभिमान होता. घरात गणित तिच्याकडे आणि भाषा नवऱ्याकडे, विनायककडे, अशी वाटणी पहिल्यापासूनची. गणितातली शाब्दिक उदाहरणं ती स्वतः मोठ्यानं वाचायची, सवयीनं. तो चटकन उत्तर द्यायचा. कुठेही शंका यावी अशी फट नव्हती. आज मागे वळून बघताना मात्र सगळ्या भिंतीला फटीच फटी दिसत होत्या.

विनायक ऑफिसातून आला तेव्हा तिनं हेरंबला खाली खेळायला पाठवलं. विनायक एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. त्याची फाईल कधी अडत नाही आणि त्याच्याशी कधी कुणाचं वाजत नाही अशी ख्याती. टेबलावरची पुस्तकं बघून तो म्हणाला, अरे वा, बिल्कुल दुकान मांडलंय. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि बॅग खांद्यावरून काढायची विसरला.

"तुम्हा दोघांना माहीत होतं," सुनयना म्हणाली. "तुला आणि माधवीताईंना."

त्यानं नाही म्हटलं नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. तो खुर्चीवर बसला आणि सांगू लागला. पहिलीत असताना हेरंब शाळेच्या नावानं रडायचा, उलट्या करायचा, तुला आठवतंय का? तिला आठवत होतं. तेव्हा सगळ्यांनी मिळून दुधाला दोष दिला होता. त्या वेळी माधवीताईंनीच विनायकला बोलावून घेतलं. मुलाला अक्षरं जोडता येत नाहीत, तज्ज्ञांना दाखवावं लागेल, असं त्या म्हणाल्या होत्या. विनायकनं थोडा वेळ मागितला. आणि सुनयनाला इतक्यात सांगू नका, असंही सांगितलं. माधवीताई शाळा सुटल्यावर हेरंबला अर्धा तास घेऊन बसायच्या. मग सांगणी सुरू झाली. हेरंबला पहिला मणी मिळाला आणि त्याचं रडणं थांबलं. मग दुसरा मणी. यार, मुलगा हसत शाळेत जायला लागला, विनायक म्हणाला, पुढच्या टर्मला बघू, पुढच्या टर्मला बघू, असं होत गेलं.

"आणि तो अर्धा तास?"

तो कधी बंद पडला ते विनायकला नीट सांगता येईना. माळ लांब झाली, बाहेरचे लोक बघायला यायला लागले, मग बाईंनाही वाटलं असेल, चाललंय ते बरं चाललंय.

"मला का नाही सांगितलंस?"

या एका गोष्टीवर मात्र त्याचा आवाज चढला. "तुला सांगितलं असतं तर तू त्याचा तक्ता केला असतास. आज किती अक्षरं, उद्या किती. मी त्याला गोष्टी सांगितल्या, सुनयना. दुसरं काही नाही केलं मी."

त्यात खरं नव्हतं असं नाही. पण तिला आठवत होती ती जेवणाची वेळ. हेरंब ताटावर बसून गोष्ट सांगायचा, भाताचे ढीग करून डोंगर दाखवायचा, आणि बाप-लेक एकमेकांकडे बघून हसायचे. ती त्या हसण्याला कौतुक समजायची. तीही त्यांच्याबरोबर हसायची. दोन वर्षं ती त्यांच्या हसण्यात हसत आली होती, आणि ते तिच्यावर चाललं होतं. त्यांनी तसं ठरवलं नसेलही. पण ते तिला बाहेर ठेवूनच चाललं होतं.

हेरंब वर आला तेव्हा ती त्याच्या समोर खाली बसली. माळ तुझीच आहे, ती म्हणाली, गोष्टी तू सांगितल्यास, त्या कुणी काढून घेणार नाही. पण उद्याचं पहिलं बक्षीस वाचनाचं आहे. ते आपण नको घेऊ या. मी बाईंना सांगते, तुझं नाव पुकारणार नाहीत.

हेरंबनं विचार केला. "म्हणजे स्टेजवर जायचं नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

तो उठला आणि भूक लागली म्हणाला. त्या संध्याकाळी तो कितीतरी दिवसांनी गोष्ट न सांगता जेवला. तिसरी पोळी मागून घेतली.

सकाळी ती दोघांच्या आधी निघाली. शाळेच्या फाटकावर झेंडूच्या माळा लागल्या होत्या. आत चौथीची मुलं लेझीमच्या ताफ्यात उभी राहून एकमेकांच्या पायांवर पाय देत होती. व्हरांड्यात दुसरीच्या मुलांनी कापसात उगवलेले हरभरे आणि मेथ्या मांडल्या होत्या, आणि प्रत्येक वाटीपाशी एक मूल पहाऱ्याला. माधवीताई शिडीवर चढून पताका बांधत होत्या. त्या सुनयनापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. तिला अगंतुगं करायच्या. सुनयनाला दिल्लीत बहीण म्हणावं असं तेवढंच एक माणूस होतं. ताप आला तर डबा आणणारं, न सांगता.

सुनयनानं शिडीखाली उभं राहूनच सांगितलं, मला कळलंय. माधवीताई हळूहळू खाली उतरल्या. हातातली सुतळी बोटाला गुंडाळत राहिल्या.

"विनायकनं सांगू नको म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "बाप आहे तो. मी कोण मध्ये बोलणार?"

"तुम्ही त्याच्या बाई आहात. आणि माझ्या…" पुढचा शब्द सुनयनाला सापडला नाही. "तुम्ही त्याला शिकवणं का थांबवलंत?"

"सुनयना, नियम कुणी केला? तुझ्या नियमात वाचायचं कुठे होतं? सांगायचं होतं. त्यानं सांगितलं. कुणाहीपेक्षा चांगलं सांगितलं."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. तिनं उपकरण बनवलं होतं. ते चुकतंय हे ज्यांना दिसत होतं, त्यांनी नेमकं तिलाच सांगितलं नव्हतं. आणि ते चुकतंय म्हणूनच ते त्यांच्या सोयीचं झालं होतं. ती वाद घालत बसली नाही. एकच गोष्ट मागितली, हेरंबचं नाव आज पुकारू नका. त्याला मी शब्द दिलाय. पहिलं बक्षीस स्वरूपाला द्या, तिची माळ त्याच्याखालोखाल आहे.

माधवीताईंनी तिच्याकडे बघितलं, मग मान डोलावली. "बरं. नाही पुकारत," त्या म्हणाल्या. सुनयनाच्या दंडावर हात ठेवून त्यांनी हलकेच दाबलाही. त्या स्पर्शानं सुनयनाला वाटलं, निदान एवढं तरी शिल्लक आहे.

सोहळा छान चालला होता. लेझीम झाली, पहिलीच्या मुलांनी कापडी बाहुल्यांचा खेळ केला, त्यात राक्षसाचं डोकं निघून प्रेक्षकांत आलं आणि ते परत द्यायला छावणीतला एक जवान थेट स्टेजवर गेला. मग माळांचा कार्यक्रम. सगळी मुलं गळ्यात आपापली माळ घालून रांगेत बसली होती. मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब बक्षिसं देत होते. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण अजून ते प्लॅटफॉर्मवर बोलावं तशा आवाजात बोलायचे. प्रत्येक मुलाला त्यांचा एक टोमणा ठरलेला. तिसरं बक्षीस युवराज नावाच्या मुलाला मिळालं; नाव राजाचं आणि शर्ट बाहेर, असं म्हणत त्यांनी त्याचा शर्ट स्वतः खोचला. दुसरं बक्षीस स्वरूपाला मिळालं.

दुसरं, हे ऐकलं तेव्हाच सुनयनानं माधवीताईंकडे पाहिलं.

"आणि पहिलं बक्षीस," माधवीताई माइकवर म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही अडला नाही. "आपल्या सगळ्यांचा लाडका, हेरंब."

हेरंब रांगेत बसला होता. त्यानं आधी मागे वळून पाहिलं. एवढ्या माणसांतून त्यानं आईला शोधून काढलं आणि तिच्याकडे बघत राहिला. काल पुस्तकं उचलताना बघत होता तसाच. या वेळी मात्र तिच्या चेहऱ्यावर त्याला काय सापडलं, कोण जाणे. तो उठला आणि शेजारच्या मुलांच्या टाळ्यांतून वाट काढत स्टेजवर गेला. माळ इतकी लांब होती की पायऱ्या चढताना ती त्याला एका हातानं धरावी लागली.

भाऊसाहेबांनी पुस्तक दिलं. मग त्यांना काय वाटलं, त्यांनी ते परत घेतलं, रंगीत कागद टराटरा फाडला आणि म्हणाले, इतके मणी मिळवणाऱ्यानं आम्हाला एक पान वाचून दाखवायलाच पाहिजे. सांगणी पुष्कळ ऐकली, आज वाचणी ऐकू.

सुनयना उभी राहिली. विनायकनं तिचं मनगट धरलं. "बस ना, प्लीज," तो पुटपुटला, "सगळे बघतायत." तिनं हात सोडवून घेतला आणि भाऊसाहेबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली की त्याला वाचायला लावू नका.

"आई, तुम्ही बसा," भाऊसाहेब माइकवरून म्हणाले. "परीक्षा त्याची आहे, तुमची नाही."

सगळे हसले. आयांना अशीच घाई असते म्हणून हसले. माधवीताईही हसल्या, पण त्यांची नजर कार्यक्रमाच्या कागदावरून वर आली नाही.

हेरंबनं पुस्तक उघडलं. बराच वेळ पानाकडे बघितलं. मग माइकजवळ तोंड नेऊन, कुणाला पत्ता विचारावा इतक्या सरळपणे तो म्हणाला, "मला वाचता येत नाही. मी सांगू का?"

क्षणभर सुनयनाला वाटलं की आता झालं, बरं झालं, मुलानंच करून टाकलं. पण दुसऱ्याच क्षणी सगळ्या सभेत हशा पिकला. भाऊसाहेब तर पोट धरून हसले. बघा, किती मिश्कील आहे, ते म्हणाले, पहिलं बक्षीस घेऊन म्हणतो वाचता येत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेरंब गोंधळून सगळ्यांकडे बघत होता. आपण खरं बोललो आणि ते लोकांना आवडलं, पण कसं आवडलं ते त्याला कळत नव्हतं. टाळ्या थांबल्यावर त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. पुस्तक मिटलं आणि विहिरीची गोष्ट सांगितली. त्या विहिरीत जे ओरडाल ते परत यायचं. मग एक माणूस आला आणि तो हळूच बोलला. ते मात्र विहिरीनं ठेवून घेतलं, दिलंच नाही. कितीही बादल्या सोडा, वर नुसतं पाणीच. छावणीतल्या बायकांनी डोळे पुसले. फार सुंदर सांगतो, असं मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

विनायक टाळ्या वाजवत होता. तिच्याकडे बघून त्यानं हात खाली घेतले.

कार्यक्रमानंतर चहाच्या गर्दीत माधवीताईंनी तिला गाठलं. भाऊसाहेबांना पहिलं नाव आठवड्यापूर्वीच सांगून झालं होतं, त्या म्हणाल्या, बक्षीस त्यांच्या पत्नीच्या नावाचं, ऐन वेळी नाव का बदललं म्हणून विचारलं असतं तर काय उत्तर देणार होते? सगळ्या शाळेची शोभा झाली असती. आणि काही बिघडलं का? टाळ्या ऐकल्यास ना तू?

"सकाळीच नाही म्हणाला असतात तर मी त्याला घरी ठेवलं असतं," सुनयना म्हणाली.

"म्हणूनच तसं म्हणाले नाही," माधवीताई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी सुनयनाच्या दंडाकडे हात नेला. सुनयना बाजूला झाली. तिनं चहाचा कप टेबलावर ठेवला आणि हेरंबला घेऊन बाहेर पडली. विनायक मागून येत होता.

मेट्रोत तिघांना एकत्र जागा मिळाली. हेरंब मध्ये बसला. माळ त्यानं गळ्यातून काढून मुठीत घेतली होती आणि एकेक मणी अंगठ्यानं पुढे सारत होता. राजेंद्र प्लेस गेलं. पटेल नगर गेलं.

"तू नक्की म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"मी बाईंना सांगितलं होतं."

"मग त्यांना ऐकू नाही आलं?"

"आलं. त्या हो म्हणाल्या होत्या."

हेरंबनं त्यावर विचार केला. काही मणी पुढे सरकले. "म्हणजे तुलापण खोटं…" असं म्हणून तो थांबला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

विनायकनं घसा खाकरला. सोमवारी मी रजा टाकतो, तो म्हणाला, माझ्या ऑफिसातल्या एकाच्या मुलीला असंच होतं, ते कुणाला दाखवतात ते विचारतो. तो हे सुनयनाला सांगत होता, पण हेरंबच्या डोक्यावरून, भिंतीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं. ती बरं म्हणाली. त्या एका शब्दापलीकडे आज तिच्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं. चांगल्या माणसानं, प्रेमापोटी, रोज थोडं थोडं, असं केलेलं कसं मोजायचं, याची तिला काही रीत माहीत नव्हती.

त्या डब्यातला स्पीकर बिघडला होता. एरवी प्रत्येक स्टेशनाआधी बाईचा तो स्वच्छ आवाज येतो, अगला स्टेशन, आणि मग नाव. आज नुसती खरखर येत होती. सुनयनाच्या आता लक्षात आलं की हेरंबला सगळी स्टेशनं पाठ होती ती त्या आवाजामुळे. आज तो दर स्टेशनाला मान उंचावून बाहेर बघत होता आणि बापाकडे वळत होता. शादीपूर, कीर्ती नगर, मोती नगर. प्रत्येक वेळी विनायक तोंड न उघडता मानेनंच सांगत होता, हे नाही, अजून आहे.

गाडीचा वेग कमी झाला. रमेश नगर. त्यांचं स्टेशन. खिडकीसमोर पाटी हळूहळू येऊन थांबली, निळ्यावर पांढरी अक्षरं, अगदी हेरंबच्या डोळ्यांसमोर. विनायकनं सवयीनं तोंड उघडलं. मग त्यानं सुनयनाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मानही हलवली नाही.

हेरंब पाटीकडे बघत होता. ओठ हलले. "र," तो म्हणाला. मग बापाकडे बघितलं. बाप आपल्या बुटांकडे बघत होता. मग आईकडे. सुनयना त्याच्याकडे बघत होती, आणि चेहऱ्यावर काहीही येऊ द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. र त्याला येतो. म येतो. वाच, ती मनात म्हणत होती, एकदा वाच, पुढचं मी बघते. दारं उघडी होती. माणसं उतरली, माणसं चढली. र, तो पुन्हा म्हणाला, आणि पुढे काहीतरी जुळत आल्यासारखं त्याच्या कपाळावर दिसलं.

दारं लागली. गाडी सुटली. पाटी मागे सरकत गेली, आणि मग त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पाण्याची टाकी खालून निघून गेली. ती हेरंब ओळखत होता.

त्यानं माळ खिशात घातली.

"आपलं होतं," तो म्हणाला. आधी बापाकडे आणि मग आईकडे बघत. आवाजात राग नव्हता. "तुम्हा दोघांना माहीत होतं."